मण्यार आपल्या अंथरुणात का येते? (या भागाचा लिखित मजकूर)

कानात इअरफोन घालून बसमध्ये ऐकताय, गाडीवर असाल तर थांबून ऐका, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा मजकूर नेहमीप्रमाणे इथे टाकलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फार इस्त्री केलेली नाही.

आजचा विषय साप. त्यातही एकच साप, मण्यार. आणि जागा आपली, इटियाडोह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर हे धरण आहे. १९७० च्या सुमारास झालं. गाढवी पुढे वैनगंगेला मिळते. धरणाचं पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाला जातं. एका बाजूला नवेगावबांधचं जंगल, खाली कालवे, बांध्या, मामा तलाव, आणि मधे मधे कौलारू घरांची गावं. जंगल, पाणी, धान आणि माणूस इतक्या जवळ जवळ असले की सापही तिथेच असणार. त्यात नवल काही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सर्पमित्र नाही आणि डॉक्टरही नाही. पण माझं गाव याच पट्ट्यातलं. पावसाळा लागला की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार दिवसांनी एक फोटो येतो. मेलेला काळा साप, शेजारी काठी, खाली दहा-बारा हात जोडलेले इमोजी. आणि एखाद्या वर्षी सापाच्या फोटोऐवजी माणसाचा फोटो येतो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आज मला एवढंच सांगायचंय की हे दोन्ही फोटो एकाच कारणाने येतात, आणि दोन्ही थांबवायचा उपाय बऱ्याच अंशी एकच आहे. तो उपाय महाग नाही. पण आधी साप समजून घेऊ.

ही दिसते कशी?

मण्यार साधारण तीन-साडेतीन फुटांची. क्वचित पाच फुटांच्या वर जाते. रंग काळा, निळसर झाक असलेला, आणि अंग असं चमकतं की जणू नुकतंच तेल लावलंय. अंगावर बारीक पांढऱ्या आडव्या रेषा, बऱ्याचदा जोडी-जोडीने. या रेषा शेपटीकडे ठळक असतात आणि डोक्याकडे येता येता पुसट होतात किंवा नसतातच. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग असते, ते खवले बाकीच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी. अर्थात हे बघायला जवळ जायचं नाही, फोटोतच बघायचं.

हिच्यासारखाच दिसणारा एक बिचारा साप आहे, कवड्या. पूर्ण बिनविषारी. भिंतीवर चढतो, कौलांत पाली शोधत फिरतो. त्याच्या अंगावरचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. म्हणजे मण्यारीच्या बरोबर उलट. गावात 'मण्यार मारली' म्हणून जे फोटो येतात त्यांतले कितीतरी कवड्याचे असतात. आमच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. इथे त्या फॉल्स पॉझिटिव्हची किंमत एक जीव असते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हा फरक अभ्यासासाठी आहे, हात लावायची हिंमत करण्यासाठी नाही. रात्री, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांनी पट्टे मोजता येत नाहीत. काळा आणि पट्ट्यांचा साप दिसला की मण्यार समजून लांब राहायचं. बस.

दोन मण्यारी

आपल्या पूर्व विदर्भाची एक खासियत आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितली की त्यांना खरं वाटत नाही. आपल्याकडे दोन मण्यारी आहेत. एक ही काळी, साधी मण्यार, जी महाराष्ट्रभर सापडते. दुसरी पट्टेरी मण्यार. तिला कुणी आग्या मण्यारही म्हणतं. अंगावर काळा पट्टा, पिवळा पट्टा, काळा, पिवळा, सगळे जवळजवळ सारख्या रुंदीचे. पाठीचा कणा वर उचललेला, त्यामुळे अंग गोल नाही, तिकोनी दिसतं. आणि शेपटीचं टोक बोथट, कुणी तोडल्यासारखं. ही पाच-सहा फुटांची सहज होते.

ही मण्यार मुळात पूर्वेकडची. ईशान्य भारत, बंगाल, ओडिशा, छत्तीसगड, आणि तिकडे पार इंडोनेशियापर्यंत. महाराष्ट्रात ती फक्त आपल्या या पूर्वेच्या टोकाच्या जिल्ह्यांत मिळते. तिला पाण्याजवळची जागा आवडते, आणि तिचं मुख्य खाणं म्हणजे दुसरे साप. तलाव, कालवे, ओलसर बांध्या म्हणजे दिवड, विरोळा असे पाणसाप भरपूर. तिच्यासाठी हे ताट वाढलेलंच आहे.

गंमत बघा, मण्यारींच्या सगळ्या कुळाचं शास्त्रीय नाव 'बंगारस'. ते आलंय तेलुगूमधल्या 'बंगारु' या शब्दावरून. बंगारु म्हणजे सोनं. या पिवळ्या पट्ट्यांच्या सापाला तेलुगू लोक सोन्याचा साप म्हणायचे, आणि तेच नाव इंग्रजांच्या काळात पुस्तकात गेलं. म्हणजे जगभरातले शास्त्रज्ञ आज जे नाव लिहितात, ते आपल्या शेजारच्या राज्यातल्या गावकऱ्यांनी दिलेलं आहे.

पट्टेरी मण्यार विषारी आहे, पण माणसाला चावल्याच्या घटना फारच कमी. दिवसा डिवचली तरी ती वेटोळं करून डोकं अंगाखाली लपवते. एवढा मोठा साप, आणि लाजाळू. तरी मारली जाते, कारण रंग भडक आहे आणि लगेच दिसते. आणि रात्री रस्त्यावर येते तेव्हा गाडीखाली सापडते.

अंथरुणात का येते?

आता मूळ प्रश्न. माणसाचा जीव जातो तो बहुतेक वेळा काळ्या मण्यारीमुळे, आणि तोही अंथरुणात. का?

मण्यार पक्की निशाचर. दिवसा ती बिळात, विटांच्या ढिगाखाली, तणसाच्या ढिगात, सरपणात पडून असते. दिवसा सापडली तर इतकी सुस्त असते की लोकांना वाटतं ही चावतच नाही. रात्री मात्र ती वेगळाच प्राणी असते. चपळ, सावध, आणि पटकन चावणारी. रात्री ती शिकारीला निघते. उंदीर, पाली, बेडूक, आणि दुसरे लहान साप.

आता आपलं घर बघा. घरात धानाची पोती. पोत्यांमुळे उंदीर. दिव्याखाली किडे, किड्यांमुळे पाली. इटियाडोहच्या लाभक्षेत्रात खरिपाचं धान असतं, पाणी मिळालं तर उन्हाळी धानही असतं. म्हणजे उंदरांना बराच काळ खायला आहे. मण्यार उंदराच्या मागे घरात येते. आपल्यासाठी येत नाही. भिंतीच्या कडेकडेने ती जाते, आणि वाटेत जमिनीवर चटई टाकून कुणीतरी झोपलेलं असतं. त्या माणसाने कूस बदलली, हात टाकला, पाय लांब केला, की ती दबते. आणि चावते.

'बदला घेते', 'माणसाच्या वासावर येते', 'पूर्वजन्मीचं देणं' असलं काहीही यात नाही. एक प्राणी जेवायला चाललाय आणि आपण त्याच्या रस्त्यात झोपलोय, इतकं साधं आहे.

पावसाळ्यात हे वाढतं. बिळात पाणी भरतं, उंदीर आणि साप दोघेही कोरड्या जागेकडे येतात, म्हणजे घराकडे. आणि रोवणीच्या दिवसांत दमून आलेला माणूस कुठेही आडवा होतो. देशपातळीवरचा आकडा सांगतो. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, दहा लाख मृत्यूंच्या पाहणीवर आधारलेला. त्यात असं निघालं की २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बहुतेक खेड्यांतले.

न दुखणारा दंश

नाग किंवा घोणस चावली तर कळतं. आग होते, सूज येते. मण्यारीचे दात बारीक. खूण कधी दिसतच नाही. दुखत नाही, सूज नाही. झोपलेल्या माणसाला वाटतं डास चावला किंवा मुंगी. तो पुन्हा झोपतो.

राजस्थानात अशाच एका मण्यारीला 'पीवणा' म्हणतात, म्हणजे पिणारा. लोक म्हणतात तो साप रात्री छातीवर बसून श्वास पिऊन जातो. हसू नका. विचार करा, ज्याने पाहिलं त्याने काय पाहिलं? धडधाकट माणूस झोपला, सकाळी श्वास बंद, अंगावर कुठे खूण नाही. ही दंतकथा म्हणजे एक बरोबर निरीक्षण आणि त्याचा चुकीचा अर्थ.

खरा क्रम साधारण असा असतो. पहाटे पोट दुखायला लागतं. कधी उलटी होते. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, गॅस झाला. ओवा देतात, सोडा देतात. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत. एकाचे दोन दिसतात. बोलणं नाकातून यायला लागतं, थुंकी गिळता येत नाही. मान उचलत नाही. आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात, श्वास थांबतो.

म्हणून हे वाक्य पाठ करा, घरी सांगा, आईला, आजीला, शेजारच्या काकूंना: पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखायला लागलं आणि पापण्या पडायला लागल्या, तर साप दिसला नसला तरी तो मण्यारीचा दंश समजायचा आणि दवाखान्यात न्यायचं. अंगावर खूण शोधत बसायचं नाही.

विष नेमकं करतं काय?

हा भाग माझ्या आवडीचा, थोडा वेळ द्या.

मेंदूला हात हलवायचा असतो तेव्हा नसेतून सिग्नल येतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये एक बारीक फट असते. नसेच्या टोकाला छोट्या छोट्या पिशव्यांत एक रसायन भरलेलं असतं, ॲसिटिलकोलिन. सिग्नल आला की पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडून पलीकडे जातं, स्नायूवरच्या रिसेप्टरला लागतं, आणि स्नायू आकसतो. म्हणजे एक पाठवणारा, एक घेणारा, आणि मध्ये निरोप.

मण्यारीच्या विषात दोन्हीकडे हल्ला करणारे घटक असतात. एक प्रकार घेणाऱ्याचं दार अडवून बसतो, निरोप येतो पण आत जात नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. तो पाठवणाऱ्याकडे जातो, नसेच्या टोकात शिरून पिशव्या संपवतो आणि ते टोकच खराब करतो. पहिल्यात दार अडलंय, दुसऱ्यात पोस्ट ऑफिसच जळालंय.

आता प्रतिविषाचं काम कळेल. प्रतिविष म्हणजे ते सापाचं इंजेक्शन. घोड्यांना थोडं थोडं विष देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात. ते रक्तात फिरणारं विष पकडतं. पण जळालेलं पोस्ट ऑफिस ते बांधून देऊ शकत नाही. ते शरीरच बांधतं, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून मण्यारीच्या बाबतीत दोन गोष्टी ठरतात. एक, प्रतिविष जितकं लवकर तितकं चांगलं. दोन, तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. व्हेंटिलेटर, आणि तो मिळेपर्यंत हाताने दाबायची अंबू बॅग.

यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. असा रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण मेंदू शाबूत असू शकतो. त्याला आजूबाजूचं ऐकूही येत असू शकतं. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण काही दिवसांनी उठून बसतात. आपल्या महाराष्ट्रात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांचं नाव जगाला माहीत आहे, त्यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावरही ग्रामीण दवाखान्यात राहून काम केलं आणि ते जर्नलमध्ये लिहिलं. त्यामुळे 'आता काही उरलं नाही' असं घरच्यांनी ठरवायचं नाही. ते डॉक्टर ठरवतील.

आणि याच विषाने औषधशास्त्राला काय दिलं तेही ऐका. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं की त्याचा गळासारखा उपयोग करून शास्त्रज्ञांनी तो रिसेप्टरच शोधून बाहेर काढला. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा स्नायूंचा आजार नीट समजला तो त्याच वाटेने. त्या आजारातही पापण्या पडतात, गिळता येत नाही. ओळखीचं वाटतंय ना?

आपलं प्रतिविष आणि त्याच्या मर्यादा

भारतात मिळणारं प्रतिविष चार सापांवर चालतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यांना बिग फोर म्हणतात. त्यासाठीचं बहुतेक विष तामिळनाडूतून येतं, चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून. ही संस्था १९७८ सालची. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी जमात कातड्यांचा धंदा बंद झाल्यावर विष काढून साप परत सोडायला लागली. देशभर माणसं वाचतात त्यात त्यांचा हात आहे.

पण अडचण अशी की एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. तामिळनाडूचा नाग आणि राजस्थानचा नाग यांच्या विषात फरक सापडतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनागर यांची प्रयोगशाळा यावरच काम करते. २०१९ साली त्यांच्या गटाने बिग फोरच्या बाहेरचे काही साप तपासले, त्यात आपली पट्टेरी मण्यारही होती. निष्कर्ष असा, की या सापांवर आजचं प्रतिविष कमी पडतं.

याचा अर्थ 'मग इंजेक्शन कशाला' असा अजिबात घेऊ नका. आज हातात असलेलं एकमेव औषध तेच आहे आणि त्याने रोज माणसं वाचतात. अर्थ एवढाच की प्रत्येक भागातले साप जिवंत असले, त्यांचा अभ्यास झाला, तरच पुढचं चांगलं औषध बनेल. सापच संपवले तर विष कुठून आणणार? संवर्धन हे फक्त निसर्गप्रेमींचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा डोक्यात घ्यावं.

चावल्यावर

पटापट सांगतो, लिहून ठेवा.

माणसाला चालवू नका, पळवू नका. चावलेला हात-पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधायची नाही. ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, मिरची-कडुलिंब खाऊ घालून 'कडू लागतं का' विचारायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढून टाका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन लावा, पण गाडी यायला वेळ लागणार असेल तर शेजाऱ्याची गाडी काढा. बाइकवर न्यायचं तर तिघे बसा, रुग्ण मधे, मागच्याने धरून ठेवायचं.

नेपाळच्या तराईत हेच केलं होतं. गावातले बाइकवाले स्वयंसेवक तयार केले, साप चावला की रुग्णाला मधे बसवून थेट केंद्रावर. सोबत गावात माहिती दिली. तिथलं मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. फक्त बाइक आणि ठरवलेला रस्ता. आपल्या गावात बाइका कमी आहेत का? मंडळाच्या पोरांनी एक यादी करून ग्रुपवर पिन करायची, रात्री कुणाची गाडी आणि कुणाचा नंबर. सोबत हेही आधी विचारून ठेवायचं की जवळ प्रतिविष कुठे आहे आणि व्हेंटिलेटर कुठे आहे. इटियाडोहच्या खालच्या गावांतून अर्जुनीला जायचं, का वडसा-ब्रह्मपुरीकडे, का गोंदियाला, हे रात्री दोन वाजता ठरवायची गोष्ट नाही.

साप पकडून दवाखान्यात नेऊ नका. जमलं तर लांबून फोटो. नाही जमलं तर सोडा, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. आणि काहीच लक्षणं नसली तरी २४ तास दवाखान्यात थांबा. लहान लेकरू असेल तरी डोस कमी नसतो, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं.

मांत्रिकाबद्दल. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. तो माणूस काहीही न करता बरा होणारच असतो. श्रेय मात्र मंत्राला जातं. ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय त्याचे तिथे दोन तास जातात, आणि मण्यारीच्या बाबतीत ते दोन तासच सगळं असतात. घरातली मोठी माणसं ऐकत नसतील तर भांडू नका. 'बाबांचा अंगारा गाडीत लावू, पण गाडी आत्ता काढू' असं म्हणा. गाडी निघाली पाहिजे.

आणखी एक, कटू पण कामाचं. शेतकरी कुटुंबातला माणूस सर्पदंशाने गेला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाखांचं अनुदान मिळतं. पण त्याला कागद लागतात. दवाखान्यात नेलंच नाही तर कागद कुठून येणार?

दोन फूट उंची आणि एक मच्छरदाणी

आता तो उपाय. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी लावा. तिच्या कडा गादीखाली खोचा.

संपलं. खरंच एवढंच. नेपाळमध्येच २००७ साली अभ्यास झाला, त्यात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठं संरक्षण मिळतं असं दिसलं. नुसती खाटही मदत करते, पण खाट भिंतीला टेकलेली असली, चादर खाली लोंबत असली तर साप चढू शकतो. खाट नसेल तर जमिनीवरही मच्छरदाणी लावा, कडा चटईखाली नीट दाबून. मलेरियासाठी आपल्या भागात औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात. ती मच्छरदाणी मासोळ्या धरायला किंवा वाफ्यावर टाकायला नाही. डास आणि मण्यार, दोघांवर एकच उपाय.

सोबत दोन-तीन सवयी. धानाची पोती झोपायच्या खोलीत नको. सरपण, विटा, तणसाचा ढीग घराला चिकटून नको. रात्री बाहेर जाताना, जागलीला जाताना टॉर्च आणि पायात बूट. दाराखालच्या फटीला गोणपाट.

आता बघा यातून काय होतं. मण्यार रात्री घरात आली, उंदीर धरला, भिंतीच्या कडेने निघून गेली. तुम्ही मच्छरदाणीत झोपलेले. तुम्हाला कळलंही नाही, तिलाही नाही. सकाळी ना मेलेला साप, ना माणूस. ग्रुपवरचे ते दोन्ही फोटो आलेच नाहीत.

आणि रील?

शेवटचं, खास आपल्या वयाच्या मंडळींसाठी. मण्यार हातात धरून, गळ्यात टाकून रील बनवू नका. दिवसा सुस्त दिसते म्हणून फसतात आणि चांगले चांगले सर्पमित्र यातच गेलेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यानुसार रानातला साप मारणं, बाळगणं, त्याचा खेळ करणं गुन्हा आहे. घरात साप निघाला तर एकाने लांबून नजर ठेवावी, लेकरं बाहेर काढावीत, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करावा. आणि सर्पमित्र भावांनो, साप पकडून ३०-४० किलोमीटरवर जंगलात सोडू नका. अनोळखी जागेत साप भटकत राहतो आणि बऱ्याचदा मरतो. जवळच्याच रानात, वस्तीपासून बाजूला सोडा.

कुणी म्हणेल, वाघ ठीक आहे, पण विषारी सापाला वाचवा म्हणणं जरा जास्तच झालं. त्यांना सांगा, याच गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीत सारसाने घरटं केलं तर ते राखणारे शेतकरी आहेत. सारस सुंदर आहे, त्यामुळे ते सोपं आहे. मण्यार सुंदर वाटो न वाटो, ती धानाच्या शेतात आणि घरात उंदीर खाते, त्याची मजुरी मागत नाही. तिला प्रेम नको आहे. तिला फक्त रात्रीचा रस्ता मोकळा हवाय.

तर आजचं काम सांगतो. हा भाग ऐकून झाला की घरी फोन लावा. 'जेवलात का' विचारून झालं की विचारा, 'मच्छरदाणी लावली का?' आणि गावातल्या बाइकवाल्यांची यादी या रविवारी करा. तुमच्या गावात मण्यारीला काय म्हणतात तेही मला कळवा, दर दहा कोसांवर नाव बदलतं आणि मला ती नावं गोळा करायची आहेत.

भेटू पुढच्या भागात. रात्री टॉर्च घेऊन फिरा. नमस्कार!